चोकला इंजिन कळत नाही

४ जानेवारी, सोमवार

ड्रायव्हिंगच्या सरांनी सांगितलंय, रोज काय चुकलं ते वहीत लिहून ठेवा. तर आज काय चुकलं: गाडी सुरूच झाली नाही, त्यामुळे बाकी काही चुकायला वावच मिळाला नाही. सर अर्धा तास फाटकाशी घड्याळ बघत उभे राहिले आणि गेले.

एकसष्टाव्या वर्षी बाई गाडी शिकायला निघाली म्हणजे गल्लीला फुकटचा तमाशा. समोरच्या घरातली दोन माणसं तोंडात ब्रश धरून बघत होती. बघू देत.

का शिकतेय तेही एकदा लिहून टाकते, म्हणजे धीर सुटला की वाचता येईल. ह्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब झालाय. समोरचं माणूस दिसत नाही, माणसाच्या कडेचं दार तेवढं दिसतं. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं. ते चुकलं तर कडेचंही जाईल. हॉस्पिटल गाडीने तासाभरावर. इतके दिवस शेजारचे मास्तर नेत होते, ते आता कायमचे लेकीकडे निघाले. मुलाने फोनवर सांगून टाकलं, "आई, सहा फेब्रुवारीला मी येतो. तोवर तुझं लायसन्स झालं तर ठीक. नाहीतर गाडी विकायची, घराला कुलूप, आणि तुम्ही दोघं माझ्याकडे." त्याच्याकडे म्हणजे आठव्या मजल्यावर. मुलगा वाईट नाही, सूनही जीव लावते. पण त्या घरात चार दिवस झाले की पाचव्या दिवशी मी लिफ्टमधून उगाच खाली-वर करायला लागते. मला इथून हलायचं नाही. बस्स.

५ जानेवारी, मंगळवार

आजही तेच. माझी काही चूक असेल तर कोणी काढून दाखवावी. सरांनी सांगितलेल्या क्रमात मी तसूभर फरक करत नाही. आत बसायचं. चावी एक घर फिरवायची आणि समोरचे लाल-पिवळे दिवे लागले ना ते बघायचं. मग खुर्ची पुढे ओढायची, पाठीशी उशी, मधला आरसा, दोन्ही बाजूंचे आरसे, पट्टा. गिअर मोकळा आहे ना, हे दोनदा. हँडब्रेक. चष्मा पुसायचा. मनातल्या मनात क्लच-ब्रेक-अॅक्सिलरेटर म्हणायचं. एवढं सगळं झालं की मगच स्टार्टर. घाई करायची नाही, हे सरांचं पालुपद.

स्टार्टर मारला की नुसतं खर्र-खर्र. शेवटी बॅटरी दमते, मी दमते आणि पेट्रोलचा भपकारा सुटतो.

मी चावी बंद करून बसले, तर अर्ध्या पाऊण तासाने हे पायरीवरून उठले, खिडकीतून हात घालून चावी फिरवली आणि पहिल्या झटक्यात गाडी सुरू. डोक्यात तिडीकच गेली माझ्या. मेल्या गाडीलाही मालक कळतो.

८ जानेवारी, शुक्रवार

चार दिवसांत गाडी मी बसल्यावर एकदाही धड सुरू झाली नाही. माझं बूड टेकत नाही कुठे. सकाळपासून कपाट दोनदा आवरलं.

शेवटी ह्यांनाच विचारलं. चाळीस वर्षं कार्बोरेटर उघडण्यात घालवलेला माणूस. लोक लांबलांबून गाड्या आणायचे. दोन गल्ल्यांपलीकडच्या गाडीचा आवाज ऐकून हे जेवता जेवता सांगायचे की तिसरा प्लग गेलाय. गॅरेज बंद केल्यापासून दिवसभर रेडिओ लावून बसतात आणि काय लागलंय विचारलं तर सांगता येत नाही.

"चोक असेल," म्हणाले.

"म्हणजे काय ते सांगा. नुसतं नाव नको."

तर सांगायला बसले ते तासभर. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त आणि हवा कमी लागते. कार्बोरेटरच्या तोंडाशी एक पत्र्याची झडप असते, ती मिटली की हवा कमी होते. तोच चोक. आधीच्या गाड्यांत त्याला समोर एक दांडी असायची. सकाळी ओढायची, इंजिन गरम झालं की आत ढकलायची. लोक ढकलायला विसरायचे आणि काळा धूर सोडत गावभर फिरायचे. म्हणून मग दांडी काढून झडपेच्या कुशीला एक काळी डबी बसवली. डबीत दोन धातू एकमेकांना चिकटवून केलेली पट्टी, गोल गुंडाळलेली. ऊब लागली की एक धातू जास्त वाढतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी वळते. थंडीत ती झडप मिटून धरते. वायरमधून वीज आली की डबी आतून तापते, पट्टी हळूहळू सैल होते आणि दोन-चार मिनिटांत झडप उघडी. आपण हात लावायचं कारण नाही.

"म्हणजे इंजिन गरम झालं की तिला आपोआप कळतं," मी म्हटलं.

हे म्हणाले, "तिला इंजिनाचं काही कळत नाही. वीज आली की ती आपली तापते."

मला एवढं बारीक नको होतं. मी म्हटलं, दुरुस्त कशी करायची ते सांगा.

९ जानेवारी, शनिवार

बॉनेट उघडलं. अडतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा त्याच्या आत डोकं घातलं. हे माझ्या शेजारी. मला दिसतं पण कळत नाही, ह्यांना कळतं पण दिसत नाही. बोटांनी चाचपत ह्यांनी माझा हात धरून डबीवर नेऊन ठेवला. तीन स्क्रू आणि एक कडं. डबीवर एक रेघ, खालच्या भागावर बारीक खुणा. स्क्रू सैल करून डबी एक खूण फिरवली तर पट्टीचा ताण वाढतो. मी फिरवली. डबीला एक लाल वायर आहे, टेप गुंडाळलेली, जुनाट. ही बदलू का, म्हटलं.

"तिला हात लावू नको," पटकन म्हणाले. "ती ठीक आहे."

हात काळे झाले, नखात ग्रीस. ह्यांनी आज दाढी केली होती, हे मला संध्याकाळी लक्षात आलं. कुठे जायचं नव्हतं, कोणी येणार नव्हतं.

१३ जानेवारी, बुधवार

खूण फिरवून उपयोग शून्य. सर येतात, मी बसते, सगळा क्रम करते, खर्र-खर्र. अर्धा तास वाया गेल्यावर कशीतरी सुरू होते आणि मग तेवढ्या उरलेल्या वेळात मी वळणं शिकते. वळणं बरी जमतात. सर म्हणाले, "बाई, तुम्ही चालवता चांगल्या. गाडीच तुमच्यावर रुसलीय."

आज झडपेची दांडी साफ केली. ह्यांनी जुन्या टूथब्रशने कशी घासायची ते दाखवलं. मध्येच म्हणाले, "पाना कितीचा घेतलास?" म्हटलं, "बाराचा." "दहाचा घे. बाराचा फिरतोय, आवाजावरून कळतंय." मी दहाचा घेतला तर बरोबर बसला.

रेडिओ तीन दिवस लावलेला नाही. सकाळी मी गाडीत बसले की हे पायरीवर येऊन कान देऊन बसतात. मी चावी फिरवली की मान किंचित हलते. आणि गाडी सुरू झाली नाही की मलाच राग येतो, ह्यांना नाही. "नाही झाली ना? चल, बघू," म्हणत उठतात ते बाही वर करूनच.

१७ जानेवारी, रविवार

नवी डबी आली. पार्टवाल्याने चार कपाटं धुंडाळून शोधली. "अशी डबी मागायला येणारं शेवटचं गिऱ्हाईक तीन वर्षांपूर्वी आलं होतं," म्हणाला. ह्यांच्या हाताखाली मी स्वतः बसवली. पट्टीचं टोक झडपेच्या काट्यात अडकवायचं, ते चार वेळा निसटलं. पाचव्यांदा बसलं. बोटाचं साल निघालं पण मला इतका आनंद झाला की मी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. हे हसले. दात दिसेपर्यंत.

जेवताना मला म्हणाले, "तुझा हात हलका आहे. माझ्याकडे असतीस तर चांगली कारागीर झाली असतीस." मी म्हटलं, "तुमच्याकडेच तर होते."

आजचं एवढंच. उद्या सुरू झाली पाहिजे.

१८ जानेवारी, सोमवार

नाही झाली.

२० जानेवारी, बुधवार

उद्या परीक्षा.  पायऱ्या दोनदा झाडल्या, पडदे काढले आणि परत लावले.

संध्याकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "उद्या गाडीत बसलीस की लगेच सुरू कर. आरसे-बिरसे नंतर."

"सर सांगतात तसंच करणार," मी म्हटलं. "उद्या परीक्षा आहे, आज नवीन काही शिकवू नका. आधीच डोक्याचा भुगा झालाय."

"अगं, पण ऐक तरी."

"नको म्हटलं ना."

तसेच मागे फिरले. माणसाला कधी काय सुचेल सांगता येत नाही.

२१ जानेवारी, गुरुवार

सर सोबत होते. गाडी नेली, व्यवस्थित नेली. मैदानावर रांग. अडीच तास थंडगार वाऱ्यात उभं राहिलो. इंजिनही गार आणि मीही गार. माझ्या पुढच्याची परीक्षा चालू झाली तशी मी आत जाऊन बसले. चावी फिरवली, दिवे, खुर्ची, उशी, आरसे, पट्टा, सगळं. परीक्षा घेणारे साहेब कागद भरत होते. दहा मिनिटं तरी मी तशीच तयार बसून होते. मग ते आले, शेजारी बसले, म्हणाले, "करा सुरू."

खर्र-खर्र. खर्र-खर्र. पेट्रोलचा वास. मागून कोणीतरी हॉर्न मारला.

साहेब रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "बाई, आधी गाडी तर सुरू करा," म्हणाले आणि उतरले. पुढची तारीख दोन फेब्रुवारी. त्यानंतरची तर मार्चमध्ये आहे. म्हणजे दोनला नाही झालं तर सहाला मुलगा आणि कुलूप.

घरी येऊन ह्यांना सांगितलं.  जेवले नाहीत. माझ्यासाठी इतकं वाईट वाटलं म्हणून मलाच त्यांची समजूत घालावी लागली.

२५ जानेवारी, सोमवार

पेन कागदात रुततंय. रागाने.

आज सरांबरोबर गाडी घेऊन थेट पार्टवाल्याकडे गेले. म्हटलं, तुमची डबी बोगस आहे, बदलून द्या. त्याने बॉनेट उघडलं, डबी पाहिली, मग लाल वायरवर बोट ठेवत ठेवत शेवटपर्यंत गेला आणि म्हणाला, "ही चावीवरून का घेतलीय?"

"म्हणजे?"

"ही अल्टरनेटरवर हवी. इंजिन फिरलं की तिथे वीज येते, मग चोक तापतो. तुमच्या गाडीत नुसती चावी फिरवली की चोक तापायला लागतो. इंजिन गार असलं तरी. चावी लावून पाच मिनिटं बसलात की झडप उघडी, मग गार इंजिन कसं सुरू होणार? गाडी चोख आहे, बाई. बसलात की लगेच स्टार्टर मारा, झालं."

मी तिथल्या तिथे त्याच्या स्टुलावर बसले. खुर्ची, उशी, आरसे, चष्मा. तीन आठवडे.

आणि मग मला पायरी आठवली. पायरीवर कान देऊन बसलेला माणूस, चावीच्या आवाजाला हलणारी मान.

घरी आले. हे पायरीवरच होते. म्हटलं, "ती वायर चावीवर आहे, हे तुम्हाला माहीत होतं."

"मीच जोडली होती. बारा वर्षांपूर्वी अल्टरनेटरवरून डबीला वीज देणारा रिले गेला, तेव्हा तात्पुरती जोडली. मी बसलो की लगेच सुरू करायचो, त्यामुळे कधी अडलंच नाही." लोकांच्या गाड्यांना एक स्क्रू सैल ठेवला नाही या माणसाने, आणि स्वतःच्या गाडीत बारा वर्षं तात्पुरतं.

"आणि मी दहा मिनिटं चावी लावून बसते, हे?"

त्यांनी पायरीची कड चाचपली. मग, "पहिल्याच दिवशी ऐकलं."

"पहिल्याच दिवशी." माझा आवाज चढला, समोरच्यांनी खिडकी उघडली. "नवी डबी आणायला लावलीत. बोटं सोलून घेतली मी. परीक्षा बुडाली. आठव्या मजल्यावर जाऊन बसायचंय का तुम्हाला?"

"नाही."

"मग का?"

"तू रोज विचारायला यायचीस," म्हणाले. "डोळे गेल्यापासून मला सगळे एकच विचारतात, गोळी घेतली का. तू झडप कुठे, पाना कितीचा, हे विचारत होतीस. वाटलं, आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू. मग दुसऱ्या दिवशीही तेच वाटलं."

मला रडू आलं, आणि त्यांना धरून गदागदा हलवावंसंही वाटलं. दोन्हींतलं काही केलं नाही. आत येऊन भांडी घासली. घासलेलीच होती.

२७ जानेवारी, बुधवार

दोन दिवस बोलणं बंद. लागेल तेवढंच. चहा ठेवला, जेवण वाढलं.

आज वायर मीच बदलली. पार्टवाल्याने कागदावर काढून दिलं होतं, चावीवरून काढायची, अल्टरनेटरच्या कुठल्या टोकाला लावायची, सगळं. ह्यांना बोलावलं नाही. तरी येऊन पायरीवर बसले. माझ्या हातून पाना खाली पडला. "आठचा," ते म्हणाले. हातात दहाचा होता. मी आठचा घेतला.

झाल्यावर चावी फिरवली आणि मुद्दाम पंधरा मिनिटं बसून राहिले. आरसे तीनदा पुसले. मग स्टार्टर मारला. पहिल्या झटक्यात.

पायरीवरून ह्यांनी मान हलवली. मी बघितलं नाही असं दाखवलं.

संध्याकाळी ही वही मागे चाळली. वीस तारखेचं पान वाचून चडफडले. त्यांनी सांगितलं होतं. मीच तोंड बंद केलं होतं. माझाही राग आता धड राग राहिलेला नाही, आणि तो कुठे ठेवायचा ते मला कळत नाही.

१ फेब्रुवारी, सोमवार

आज मीच बोलले. "उद्या येता का बरोबर?" विचारलं.

"नको. मी आलो की तू माझ्याकडे बघत बसशील."

बरोबर आहे ते. पण त्यांना यावंसं वाटलं असतं तर बरं झालं असतं.

२ फेब्रुवारी, मंगळवार

पास.

साहेबांनी ओळखलं. "आज सुरू होणार का?" विचारलं. झाली. गाडी मागे घेताना मैदानात रोवलेलं एक दांडकं थोडं हललं, पडलं नाही. मुलाला फोन केला. "सहाला ये. चार दिवस राहायला ये. पेट्या रिकाम्या आणू नको, त्यात आमचं काही जायचं नाहीये." तो हसला, मग विचारलं, "आई, खरंच जमेल तुला? तासभराचा रस्ता?" म्हटलं, जमेल. फोन ठेवल्यावर मात्र रस्त्यातली वळणं कागदावर मोजायला बसले.

हे दाराशी उभे होते. गाडी वळणावर असल्यापासून ऐकत असणार. "तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर उशिरा आलीस," म्हणाले. अभिनंदन करायची ही रीत. मग खूप वेळाने, मी कपडे वाळत घालत असताना, तिथे येऊन म्हणाले, "आता तुला काही विचारायचं राहिलं नाही." मी चिमटा तोंडात धरला होता. तो काढून त्यांच्या सदऱ्याला लावला.

४ फेब्रुवारी, गुरुवार

हॉस्पिटलला जाऊन आलो. दोघंच.

सकाळी मी आधीच आत बसले होते. हे फाटक लावून आले ते सवयीने माझ्याच बाजूला. दार उघडून आत हात घातला, तो माझ्या खांद्याला लागला. हात थोडा वेळ तिथेच राहिला. "हां," म्हणाले. मग बॉनेटवर हात ठेवून चाचपत पलीकडे गेले आणि बसले.

पाय लांब केले, परत जवळ घेतले. "इथे एवढी जागा आहे होय."

"गाडी घेतल्यापासून एकतीस वर्षं मी तिथेच बसलेय. विचारलंत का कधी?"

"नाही," म्हणाले.

गावाबाहेर पडलो. दोघंही ताठ. मला वाईट वाटत होतं म्हणून मी म्हटलं, "अहो, हा कसला आवाज येतोय?"

"कसलाच नाही. मुद्दाम विचारू नकोस."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पुढचे दोन-तीन मैल मी नुसता रस्ता बघितला. त्यांचा हात समोरच्या फळीवर, बोटं घट्ट. मला वाटलं, घाबरलेत. मलाही भीती वाटत होती. समोर एक ट्रक रांगत होता आणि मी पुढे काढावी की न काढावी ह्यात अडकले होते.

मग त्यांनीच विचारलं, "समोर काय आहे?"

"ट्रक."

"काय भरलंय?"

"विटा."

"मागची चाकं दबलीत?"

मी नीट बघितलं. "दबलीत. चांगलीच."

"रस्ता पुढे कसा आहे?"

"चढ आहे. वरचं दिसत नाही."

"मग आत्ता काढू नकोस. चढावर तो आणखी मरगळेल, तुला वाटेल आता निघू, आणि वरून कोणी आलं तर जागा नसेल. दुसरा गिअर टाक, मागे राहा. चढ संपला आणि उतार मोकळा दिसला की सांग."

दुसरा टाकला. मागे राहिले. चढाच्या टोकावरून खरंच एक बस भरधाव खाली आली आणि आमच्या बाजूने गेली. वर पोचल्यावर म्हटलं, "मोकळा आहे." ते म्हणाले, "काढ," आणि मी काढली.

त्यानंतर हॉस्पिटल येईपर्यंत आणि परत घर येईपर्यंत ते विचारत राहिले आणि मी सांगत राहिले. सायकलवाला, तो डुलतोय का. कुत्रं, ते कुठल्या बाजूला बघतंय. पूल, तो ओला आहे का. एवढं मी ह्यांच्याशी अडतीस वर्षांत बोलले नसेन. घसा बसलाय.